सड्यावर कातळशिल्पं बघायला जाताना: ऊन, पाणी, फुरसं आणि परतीची वाट

सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, जमिनीच्या कातळात खोदलेली जुनी चित्रं बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्च सरत आला होता आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते. खाली वाडीत वाट विचारली. खळ्यात मिरच्या वाळत घालणाऱ्या आजींनी वाट दाखवली खरी, पण आधी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या उनात खंय जातास? ऊन कलल्यार जावा." आम्ही हसलो आणि निघालो. तिघांत मिळून एक लिटर पाणी होतं.

वर पोचलो तर चित्रं दिसेचनात. पायाखाली काळपट तांबडा कातळ, त्यावर पांढरं ऊन. खोदलेली रेघ दोन-तीन बोटं खोल असते. सूर्य डोक्यावर आला की त्या रेघेत सावली पडत नाही आणि रेघ कातळात विरून जाते. पाऊण तास भिरभिरलो आणि डोकी धरून खाली आलो. आजींनी एक अक्षर न बोलता गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. साडेचारला पुन्हा वर गेलो, तर ज्या जागेवरून दुपारी दोनदा चालून गेलो होतो तिथेच कातळभर आकृत्या उठून दिसत होत्या.

तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. ज्या वेळी सडा माणसाला सोसतो, त्याच वेळी तो चित्रंही दाखवतो. बाकीचं मार्गदर्शन याच हिशेबाला धरून आहे.

आधी सडा समजून घ्या

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खाली गोव्यापर्यंत जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या दगडाच्या, पठारांवर ही शिल्पं पसरली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये यांपैकी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत गेली: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं उसगाळीमळ. यादीत नाव आलं आणि मुंबई-पुण्याच्या गाड्याही येऊ लागल्या. पण सड्यावर तिकीटघर नाही, उपाहारगृह नाही, आणि संध्याकाळी शिट्टी मारून बाहेर काढणारा पहारेकरीही नाही.

इथे माणूस फसतो तो समुद्रामुळे. कशेळीसारख्या ठिकाणी जाताना वाटेत निळं पाणी दिसतं, माडाची झाडं दिसतात, वारा अंगाला लागतो. मनात बसलेलं कोकण हिरवं आणि ओलं असतं. पण रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडत असला, तरी डिसेंबरनंतर सड्यावर चिमणीला प्यायला पाणी उरत नाही. जांभा सच्छिद्र आहे. पडलेलं पाणी त्यातून झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याशी, उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून आमच्या वाड्या, विहिरी, पोफळीच्या बागा सगळ्या खाली असतात आणि वर फक्त कातळ आणि गवत. पुढे वाट चुकण्याबद्दल बोलायचं आहे, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: पाणी आणि माणसं खाली, ऊन वर.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. तोवर गावकऱ्यांनी बरंचसं गवत कापून नेलेलं असतं, कातळ उघडा पडलेला असतो आणि सकाळ थंड असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं, त्यात पाय कुठे पडतोय ते कळत नाही. परतीच्या पावसाच्या विजाही तेव्हाच. मार्चपासून मेपर्यंत जायचं असेल, तर सूर्य उगवताना सड्यावर असा आणि नऊला उतरा. मार्चमध्ये समुद्रावरून येणारा वारा उशिरा सुटतो आणि पूर्वेकडचा कोरडा वारा टिकून राहतो, असे काही दिवस येतात. त्या दिवशी रत्नागिरी अशी तापते की मे बरा वाटतो. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि अंग गार होत नाही, म्हणून हा फरक.

जून ते सप्टेंबर सडा दिसायला सुरेख असतो. दीपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे गेंद आणि कीटक खाणारी दवबिंदूची इवली झाडं. फुलांसाठी जरूर जा. पण शिल्पं तेव्हा पाण्याखाली किंवा शेवाळाखाली असतात, आणि ओल्या कातळावर घसरलेला माणूस मनगट मोडून घेतो. उसगाळीमळ तर कुशावती नदीच्या काठावरच आहे, तिथे पावसात जाण्यात अर्थ नाही.

दिवसातली वेळ: सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत, नाहीतर दुपारी चारनंतर. तिरपं ऊन रेघेच्या एका कडेला सावली धरतं. फोटो हवे असतील तर याच वेळा, जीव हवा असेल तरी याच. संध्याकाळचा पर्याय निवडलात तर अंधाराचं गणित आधीच मांडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात जातो आणि सड्यावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्यास्त बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. बघा, पण बॅटरी हातात घेऊन, आणि वाट दिसत असेपर्यंत गाडीजवळ या.

वाडीत थांबल्याशिवाय वर जाऊ नका

ही पायरी लोक सर्रास गाळतात. मोबाईलच्या नकाशावर खूण दिसते, गाडी थेट सड्यावर नेता येते, मग विचारायचं कशाला? तर खालच्या वाडीत पाच मिनिटं थांबलात की तीन गोष्टी होतात. तुम्ही वर गेला आहात हे कुणाला तरी कळतं. आज सड्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळतं: कुणी गवत जाळतोय, काल गवे दिसले, अमुक बाजूला नवी खाण सुरू झाली. आणि बहुतेक वेळा एखादा पोरगा किंवा तात्या बरोबर यायला तयार होतो. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, घासाघीस करू नका. पाऊलवाट, कुंपणाची पायरी, कुठे गडगा (दगडांचा बांध) ओलांडायचा आणि कुठे नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं.

बऱ्याच जागा खासगी मालकीच्या आहेत. आंब्या-काजूच्या बागायतीतून वाट जात असेल तर मालकाला विचारणं हा शिष्टाचार तर आहेच, पण त्यात सुरक्षितताही आहे. बागेत राखणीचे कुत्रे असतात. रानडुकरांसाठी कुणी तारेची फासकी लावलेली असते, आणि अधूनमधून कुंपणात वीज सोडण्याचेही प्रकार होतात. दोन्ही बेकायदा आहेत, म्हणून त्यांच्यावर पाटी नसते. गडगा चढून आडवाटेने बागेत शिरू नका, तारेला हात लावू नका, मुलांना पुढे पळू देऊ नका.

घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणीही एकाला सांगून ठेवा: कोणता सडा, कोणत्या वाडीतून, किती वाजेपर्यंत परत. "राजापूरकडे जातोय" एवढं पुरत नाही. बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कशेळी हे सगळं राजापूरकडेच आहे.

पहिल्यांदाच जात असाल आणि बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर उक्षीने सुरुवात करा. तिथे कातळात कोरलेला एकच मोठा हत्ती आहे, गावाने त्याभोवती संरक्षक बांधकाम केलं आहे आणि भटकावं लागत नाही. उक्षीला कोकण रेल्वेचं स्थानकही आहे. जांभरुणला आकृत्या पुष्कळ, त्यामुळे वेळ जातो आणि पाणी जास्त लागतं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटरचा, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. तो पुरता बघायला माणूस भोवती फेऱ्या मारतो आणि उन्हाचं भान सुटतं. बरोबरच्या एकाने घड्याळ सांभाळायचं, असं आधी ठरवून टाका.

पाणी आणि खाणं

माणशी दोन लिटर हा अर्ध्या दिवसाचा किमान हिशेब आहे. उन्हाळ्यात चालत असाल तर तासाला अर्धा लिटर जातं, म्हणजे दोन लिटरही चारच तासांचं. पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये आणून तो गाडीत ठेवू नका. प्रत्येकाच्या पाठीवर त्याची बाटली हवी, मुलांच्याही. अर्धी बाटली संपली की परत फिरायचं, समोर कितीही सुंदर काही दिसत असलं तरी.

नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. आमच्याकडे याची सोय जुनीच आहे. कोकमाचं सरबत मीठ-जिरं घालून, पातळ ताक, किंवा निघण्याआधी वाटीभर पेज आणि मिठाचा खडा. यातलं काही नसेल तर ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकीटही नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. कोकमाचा आगळ मात्र तसाच पिऊ नका. तो खारट अर्क असतो, पाणी घालूनच घ्यायचा. एका पाहुण्याने आगळाची बाटली सरबत समजून तोंडाला लावली होती, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

सड्यावरच्या खळग्यात साठलेलं पाणी पिऊ नका, आणि पायाला जखम असेल तर त्यात उतरूही नका. गुरं, उंदीर सगळे तिथे येतात, आणि त्यांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप कोकणाला नवा नाही.

अंगावर काय

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायघोळ पँट, कान-मान झाकणारी टोपी किंवा ओला पंचा. गॉगल असला तर बरा, कारण कातळावरून ऊन खालूनही डोळ्यांत येतं. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. चपला आणि सँडल घालून सडा फिरणारे गावकरी तुम्हाला दिसतील, पण त्यांच्या पायांना पन्नास वर्षांची सवय आहे. गवतातून जायचं असेल तर हातात काठी ठेवा, पुढची जमीन आपटत चला.

चिरेखाण: सड्यावरचा खरा खड्डा

साप-विंचवांची भीती सगळ्यांना असते, चिरेखाणीची कुणाला नसते, आणि मला मात्र तीच जास्त वाटते. घरं बांधायला लागणारा चिरा याच जांभ्यातून कापतात. खाण संपली की खड्डा तसाच उघडा राहतो. कडा सुरीने पाव कापल्यासारख्या सरळसोट, दोन-तीन पुरुष खोल, आणि भोवती कुंपण नाही. सपाट सड्यावरून चालताना तो अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गवत वाढलेलं असेल, संध्याकाळ झाली असेल किंवा तुम्ही कॅमेऱ्यात डोळा घालून मागे सरकत असाल, तर मुळीच दिसत नाही.

म्हणून नियम: फोटो काढताना मागे चालायचं नाही. थांबा, वळा, बघा, मग सरका. ड्रोन उडवणाऱ्याचे डोळे आकाशात असतात, त्याच्याजवळ दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं. खाणीच्या कडेवर उभं राहून खाली डोकावू नका, कडेचा चिरा सुटलेला असू शकतो. पावसाळ्यानंतर खाणीत साठलेलं हिरवं पाणी फार छान दिसतं आणि पोरांना पोहावंसं वाटतं. तिथे उतरायला पायरी नसते, म्हणजेच वर यायलाही नसते. उतरू देऊ नका.

फुरसं आणि विंचू

आमच्याकडे रानात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर किंवा किरडू म्हणतात, आणि चावला तर "पान लागलं" म्हणतात. मुख्य विषारी चारही इथे आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पण कातळ आणि सुटे दगड ही फुरशाची खास जागा. हातभर लांबीचं, मातकट, दगडाच्या रंगात मिसळून जाणारं. डिवचलं तर जिलबीसारखं वेटोळं घालतं आणि खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. हा आवाज आला की जिथे आहात तिथे थांबा, बघा आणि मागे सरा. ते आपणहून मागे लागत नाही. पण लहान आहे म्हणून काठीने उचलायला जाल, तर त्याची झेप तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघते.

दगड उलटू नका. गडग्यावर बसण्याआधी आणि हात टेकण्याआधी फटी बघा. शिल्पावरचा पाचोळा काढायचाच असेल तर हाताने नाही, फांदीने. थंडीच्या सकाळी फुरसं ऊन खायला उघड्यावर येतं, उन्हाळ्यात रात्री फिरतं, त्यामुळे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या फेरीतही बॅटरी लागतेच.

पान लागलंच, तर क्रम असा:

१. माणसाला जागेवर बसवा किंवा आडवं करा आणि धीर द्या. पळत खाली नेऊ नका.
२. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढा, नंतर सूज येते.
३. चावलेला हात किंवा पाय हलू नये म्हणून काठी आणि पंचाने आधार द्या. आवळून बांधू नका.
४. कापणं, चोखणं, बर्फ, मिरची, मंत्र, मुळी यांतलं काही करू नका. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा तसल्या गोळ्या देऊ नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं बिघडतं, त्यात या गोळ्या भर घालतात.
५. १०८ ला फोन करा आणि सर्पदंश आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. प्रतिविष कुठे तयार आहे ते विचारून त्याच दिशेने निघा. राजापूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, जे सांगतील ते.
६. चावल्याची वेळ लिहून ठेवा. लांबून फोटो सहज मिळाला तर घ्या. साप मारून आणायची गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

फुरशाच्या बाबतीत घात होतो तो "काही होत नाहीये" या वाटण्याने. तासाभराने माणूस बरा दिसतो, घरचे म्हणतात चला परत. हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला वेळ लागू शकतो. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात आणि ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

विंचवाचं वेगळं. कोकणातला तांबडा विंचू जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः लहान मुलांना. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोळी खिशात ठेवून स्वतः द्यायची मात्र नाही. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप यांतलं काही दिसलं तर वेळ दवडू नका. मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, थेट दवाखाना गाठा. थांबून कपडे घालाल किंवा काढून ठेवलेले बूट चढवाल, तेव्हा आधी झटकून घ्या.

गोचिडीचा विचार दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी करावा. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले होते. गोव्याला जाताना त्या रानातून हिंडणार असाल तर पँट मोज्यात खोचा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड. इथपर्यंत सावली, सरबत आणि विश्रांतीने काम भागतं. सड्यावर सावली नसते, म्हणून मी कायम जुनी छत्री बाळगतो. कुणी हसलं तरी चालतं.

पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला किंवा उत्तर देईना, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरीही. तिथेच थांबून अंगावर पाणी ओता, पिण्याचं असलं तरी ओता. ओला पंचा मानेवर, काखेत, जांघेत ठेवा आणि वारा घाला. गार करणं आणि १०८ ला फोन एकाच वेळी चालू राहू द्या. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

वीज आणि वणवा

एप्रिल-मेच्या दुपारी आणि ऑक्टोबरात काळे ढग पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने येतात. तुमचं तोंड समुद्राकडे असतं आणि पाठीमागे भरून येतं. अधूनमधून मागे बघत चला. सपाट सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच गाडीत बसा, काचा वर करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. एकटं झाड, गुराख्याची उघडी खोप, ध्वजाचा खांब यांच्याजवळ थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप निघण्याआधी घेऊन ठेवा. गाडी लांब असेल आणि पळायला वेळच नसेल, तर एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा. हा अगदी शेवटचा उपाय झाला. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विजेचा प्रवाह राहत नाही. श्वास बंद असेल तर हात लावून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

वणव्याचं सोपं आहे, कारण सड्याकडेच त्याचं उत्तर आहे. गवत पेटलेलं दिसलं तर उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात जाऊन उभे राहा. वाऱ्याच्या दिशेने गवतातून पळू नका. आणि विडी-सिगरेट सड्यावर ओढूच नका.

वाट चुकली तर

देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. बघायला मजा येते, पण तिथे मोबाईलचं होकायंत्र बघून दिशा ठरवणारा माणूस भलतीकडेच जाईल. सूर्य बघा. दुपारनंतर तो समुद्राच्या बाजूला असतो.

नेटवर्क सड्यावर कधी चारही दांड्या, कधी शून्य. नकाशा आधीच उतरवून ठेवा. गाडी सोडताना तिच्या जागेची खूण मोबाईलवर करा आणि एक डोळ्यांनीही करा: कोणतं झाड, कोणता मनोरा, कोणती पाण्याची टाकी. सडा सगळीकडे सारखाच दिसतो, जाताना लक्षात राहिलेली वाट येताना ओळखू येत नाही. म्हणून जाताना दर दहा मिनिटांनी मागे वळून बघायची सवय लावा.

तरीही चुकलात, तर आधी एका जागी थांबा, पाणी प्या, हाका मारा. ११२ ला फोन लागतो का बघा. उजेड असेल तर गुरांची वाट शोधा, ती शेवटी वाडीतच उतरते. सड्याची कड दिसली, खाली माड-पोफळी दिसल्या, तर पाखाडी (खाली उतरणारी पायऱ्यांची वाट) शोधत कडेकडेने चला, सरळ उतरायला जाऊ नका. अंधार पडला असेल तर चालूच नका. चिरेखाणीबद्दल वर लिहिलं आहे ते त्यासाठीच. उघड्या कातळावर बसून राहा आणि बॅटरी थोड्या थोड्या वेळाने खालच्या दिशेने फिरवा. वाडीत कुणाला सांगून गेला असाल, तर दिवेलागणीनंतर कुणीतरी चौकशीला निघतंच.

शिल्पाजवळ

बूट घालून आकृतीवर उभं राहू नका. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, रंग, तेल काही वापरू नका. तिरपं ऊन ते काम फुकटात करतं. काही जागा गावाच्या देवकार्यात आहेत, तिथे गुरव किंवा मानकरी सांगतील तसं वागा. गेंडा, पाणघोडा असे आज कोकणात नसलेले प्राणी कुठे कोरलेले आहेत ते माहीतगाराला विचारा. नाहीतर डुक्कर समजून पुढे जाल.

उतरल्यावर

सगळी माणसं मोजा. मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे, कमरेला गोचीड चिकटली आहे का बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, काडी लावून जाळू नका. गाडीतलं उरलेलं पाणी आता प्या. आणि ज्या वाडीत सांगून गेला होतात तिथे गाडी थांबवून "आलो हो" म्हणा, नाहीतर ती माणसं रात्री कंदील घेऊन तुम्हाला शोधत सड्यावर चढायची.